सायकलवरची चारिका : नागपूर ते नवेगावबांध
(इयत्ता आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासमार्ग)

प्रास्ताविक

तथागतांनी बोधिप्राप्तीनंतरची पंचेचाळीस वर्षे पायी प्रवासात घालविली. या प्रवासाला पाली भाषेत 'चारिका' म्हणतात. चारिका म्हणजे केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे नव्हे. वाटेतील गावे, नद्या, शेते, माणसे आणि त्यांची दुःखे समजून घेत जाणे, असा तिचा अर्थ आहे. आजचा विद्यार्थी सहलीला जातो तेव्हा गाडीच्या काचेतून पाहतो. गाडी थांबते तेथे उतरतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. दोन ठिकाणांमधला प्रदेश त्याच्या लेखी जणू अस्तित्वातच नसतो. पायी चालण्यास लागणारा अवधी आज आपल्यापाशी नाही. परंतु पायी चालण्याच्या सर्वांत जवळ जाणारे एक वाहन आपल्यापाशी आहे. ते म्हणजे सायकल.

बहुजन समाजाच्या इतिहासात सायकलचे स्थान लहान नाही. खेड्यापाड्यांतील सभांना कार्यकर्ते सायकलनेच जात. १९८३ साली कांशीराम यांनी दिल्लीहून सायकल यात्रा काढली आणि अनेक राज्यांतून प्रबोधन केले. आजही मानव विकास कार्यक्रमातून शाळा दूर असलेल्या गावांतील मुलींना सायकली दिल्या जातात आणि त्या सायकलीमुळे अनेक मुलींचे आठवीनंतरचे शिक्षण टिकून राहते. म्हणून सायकलचा प्रवास हा हौशी लोकांचा छंद आहे, आपला नव्हे, असे कोणत्याही विद्यार्थ्याने मानू नये.

या लेखात नागपूरहून नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात जाऊन पवनीमार्गे परत येण्याचा सात दिवसांचा मार्ग मांडला आहे. डोंगर, अरण्य आणि तलाव या तिन्ही गोष्टी या मार्गावर एकत्र भेटतात. पण मार्ग दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू नाही. तलाव कोणी बांधला, त्याचे पाणी कोणाचे आणि अरण्य कोणासाठी, हे प्रश्न वाटेवर विचारले गेले नाहीत तर अंतर कापले जाईल, चारिका होणार नाही.

प्रवासाचा ऋतू

भिक्खुसंघात वर्षावासाची प्रथा का सुरू झाली, हे विद्यार्थ्यांनी जाणून घेतले पाहिजे. पावसाळ्यातही भिक्खू हिंडत असल्यामुळे हिरवे गवत तुडवले जाते आणि लहान जीव मरतात, अशी तक्रार लोकांनी केली. तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम तथागतांनी घालून दिला. आज राष्ट्रीय उद्यानेही पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद ठेवली जातात. जमीन ओली असते, वाटा खचतात, अनेक जीवांचा तो प्रजननाचा काळ असतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयातील नियम आणि आजचा वनविभागाचा नियम यांच्यामागील विचार एकमेकांच्या फार जवळचा आहे.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे उन्हाळाही वर्ज्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या प्रवासाचा काळ. याच काळात धानाची कापणी आणि मळणी पाहायला मिळते आणि दूरदेशीचे पक्षी तलावांवर उतरतात.

पूर्वतयारी : चाक, दाते आणि चढ

साध्या सायकलच्या पायडलजवळच्या चक्रीला साधारण ४४ आणि मागच्या चक्रीला १८ दाते असतात. ४४ भागिले १८ म्हणजे सुमारे २.४४. याचा अर्थ पायडल एकदा फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर पायडलच्या एका फेरीत सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे सोयीचे आहे. चढावर मात्र दम लागतो.

गिअरच्या सायकलमध्ये पुढे २८ आणि मागे २८ दात्यांची जोडी लावली, तर चाक पायडलबरोबर एकदाच फिरते आणि सायकल केवळ २.१ मीटरच्या आसपास पुढे सरकते. पायावर येणारा जोर सुमारे अडीचपट कमी होतो; पण तेवढाच चढ चढण्यासाठी पायडल अडीचपट अधिक वेळा मारावे लागते. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर बल कमी होते, कार्य तेवढेच राहते. कोणतेही यंत्र श्रम नाहीसे करीत नाही, ते श्रमाची वाटणी बदलते. ही गोष्ट तलाव बांधणाऱ्यांनाही ठाऊक होती.

ज्यांच्याकडे गिअरची सायकल नाही त्यांनी खंत करू नये. या मार्गावरचे चढ बेताचे आहेत. फार चढ आला तर उतरून सायकल हाती धरावी, त्यात कमीपणा नाही. सोबत पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, एक जादा ट्यूब, पाने, ब्रेकचे रबर, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी असावे. सामान पाठीवर न घेता कॅरिअरवर दोन्ही बाजूंस सारखे बांधावे.

निघण्यापूर्वी एक सराव प्रवास अवश्य करावा. नागपूर, कामठी, कन्हान, मनसर आणि रामटेक हा सुमारे पन्नास किलोमीटरचा मार्ग त्यासाठी उत्तम. कामठीत ड्रॅगन पॅलेस विहार आहे. मनसरच्या टेकडीवर उत्खननात वाकाटककालीन अवशेष मिळाले असून परंपरेने या परिसराशी आचार्य नागार्जुनांचे नाव जोडले जाते. रामटेकजवळ खिंडसीचा तलाव आहे आणि त्यापलीकडे पेंच राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. रामटेकला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतता येते. या दोन दिवसांत कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची साखळी उतरते आणि कोण मागे राहणाऱ्या सोबत्यासाठी थांबतो, हे सारे कळून येते.

पहिले तीन दिवस : नागपूर, भंडारा, साकोली, नवेगावबांध

पहिला टप्पा नागपूर ते भंडारा, सुमारे साठ किलोमीटर. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६. मौद्याजवळ कन्हान नदी लागते. महामार्ग चौपदरी असून मालवाहू ट्रकांची वर्दळ मोठी आहे. म्हणून पहाटे उजाडताच निघावे, एकामागे एक अशी ओळ ठेवावी, दोन सायकलींत किमान तीन सायकलींचे अंतर असावे आणि सर्वांत पुढे व सर्वांत मागे अनुभवी व्यक्ती असावी.

भंडारा हे नाव आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखोंच्या समुदायासह धम्माचा स्वीकार केला. मतपेटीने जे नाकारले, त्याहून मोठे काहीतरी त्याच प्रदेशातील माणसांनी दीक्षाभूमीवर स्वीकारले. भंडाऱ्यातील मुक्कामी विद्यार्थ्यांनी या दोन वर्षांवर चर्चा करावी.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडून लाखनीमार्गे साकोली गाठावे. हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. लाखनीच्या पुढे दोन्ही बाजूंस धानाच्या बांध्या आणि मधूनमधून तलावांची पाळ दिसू लागते.

तिसऱ्या दिवशी सौंदड, सडक अर्जुनी आणि कोहमारा. या पट्ट्यात महामार्गाच्या उत्तरेस नागझिऱ्याचे अरण्य आणि दक्षिणेस नवेगावचे. वाघ, बिबटे, अस्वले, रानगवे या दोन्ही अरण्यांत ये-जा करतात आणि त्यांची वाट महामार्गाने छेदली आहे. रात्री वाहनांखाली येऊन प्राणी मरतात. ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते तेव्हा रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्याची स्थिती काय असेल, याची कल्पना सायकलस्वाराला जितकी येते तितकी मोटारीत बसलेल्याला येत नाही. कोहमाऱ्याहून दक्षिणेस वळले की महामार्गाचा गोंगाट मागे पडतो. साग, ऐन, मोह आणि तेंदूच्या झाडांमधून वळणे घेत रस्ता नवेगावबांधला पोहोचतो.

तलाव आणि त्याचे कर्ते

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर आहे. २०१३ साली नवेगाव, नागझिरा आणि लगतची अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

उद्यानाच्या कुशीत, डोंगरांच्या कड्यात, नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आहे. तो निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. सभोवतीच्या डोंगरशिखरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात आणि या बहिणींच्या साहाय्याने पाळ उभी राहिली, अशी लोककथा आहे. कोलू पाटलांना पुढे देवत्व लाभले. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातील शहाणपण उरते. डोंगरांनी तीन बाजू आधीच अडविल्या होत्या. उरलेली खिंड अचूक हेरून तेथे मातीची पाळ घालणे, हे कुशल स्थापत्याचे काम होते. कमीत कमी श्रमात अधिकात अधिक पाणी अडविण्याचे गणित त्यांनी कागदावाचून सोडविले होते.

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारीच्या काळात ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मालकी बदलली, पण पाळ दुरुस्त करण्याची, गाळ काढण्याची जुनी सामूहिक व्यवस्था हळूहळू मोडली. अनेक तलावांत गाळ साचला आणि बेशरमची झुडपे माजली. याच परिसरात ढिवर समाजातील स्त्रियांनी काही तलावांतील बेशरम उपटून स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. मासे आणि पक्षी परत येण्यासाठी केलेले हे काम विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावे.

येथे एक प्रसंग नमूद करणे आवश्यक वाटते. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीबरोबर आम्ही या पाळीवर उभे होतो. तलावाची माहिती वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते. पाणी शेतात कसे सोडतात, हे मी पुस्तकी भाषेत सांगत असताना वसतिगृहातील एक मुलगा, जो तीन दिवस फारसा बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "सर, तसं नाही." तो याच तालुक्यातील, ढिवर कुटुंबातला. पाणी सोडण्याचे दार कोठे असते, ते कोण उघडते, शेवटच्या बांधीला पाणी पोहोचेपर्यंत भांडणे कशी होतात, जाळे टाकण्याचा हक्क कोणाला मिळतो, हे त्याने अर्धा तास सांगितले. त्याची आजी आजही पाण्यात उतरून मासे धरते. शाळेत तो ही गोष्ट कोणाला सांगत नसे. त्या दिवशी मी विद्यार्थी झालो आणि तो शिक्षक झाला. परतल्यावर वर्गातील त्याची बसण्याची जागा तीच राहिली. बोलण्याची रीत मात्र बदलली.

आपल्या समाजासाठी तलाव ही केवळ निसर्गशोभा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून समान हक्क सिद्ध करण्यासाठी. म्हणून कोणत्याही तलावाकाठी उभे राहताना तीन प्रश्न विचारावेत. माती कोणी वाहिली? पाणी कोणाला मिळाले? कोणाला नाकारले गेले?

अरण्याची शिस्त

राष्ट्रीय उद्यानाच्या आत मनाला येईल तशी सायकल चालविता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवेशासाठी परवानगी लागते. अरण्याचा अंतर्भाग पाहायचा असल्यास वनविभागाने नेमून दिलेल्या वाहनातून, मार्गदर्शकासोबतच जावे. आपला सायकलमार्ग हा सार्वजनिक रस्त्यांचा, गावांचा आणि तलावकाठचा आहे. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर अरण्यालगतच्या रस्त्यावर सायकल चालवू नये. मोहाखाली अस्वल दिसल्यास थांबावे, एकत्र राहावे आणि त्याला वाट मोकळी करून द्यावी; पळू नये, ओरडू नये.

ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून या परिसरात दीर्घ काळ काढला. पुस्तकी ज्ञानाबरोबरच येथील माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांकडून आणि आदिवासींकडून ते पक्षी, मासे, झाडे शिकले. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अधिकारी गावकऱ्यांपाशी बसून शिकतो, हा धडा त्यांच्या पुस्तकांइतकाच मोलाचा आहे.

अरण्य राखताना उद्यानातील काही वस्त्यांना आपले गाव सोडावे लागले, हेही विद्यार्थ्यांनी विसरू नये. वाघाला जागा हवी हे खरे. त्या जागेची किंमत कोणी मोजली, हे विचारणेही तितकेच खरे. करुणा एका बाजूचीच असून चालत नाही.

चौथा दिवस : इटियाडोह आणि नोर्ग्येलिंग

नवेगावबांधहून सकाळी निघून गोठणगाव आणि इटियाडोह पाहून सायंकाळपर्यंत परत येता येते. इटियाडोह हे गाढवी नदीवरचे मातीचे धरण. वाटेत प्रतापगडची टेकडी दिसते. तेथे शिवमंदिर आणि ख्वाजा उस्मान गारूनी यांचा दर्गा, दोन्ही आहेत.

गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९५९ साली तिबेटमधून दलाई लामांसह हजारो लोकांना भारतात आश्रय घ्यावा लागला. पुढे देशात ठिकठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. ही वसाहत १९७२ ची. बर्फाच्या देशातील माणसांनी विदर्भाच्या उन्हात शेती केली आणि विहार उभारला. हिवाळ्यात वसाहतीत वृद्धच अधिक भेटतात, कारण तरुण मंडळी स्वेटर विकण्यासाठी शहरोशहरी गेलेली असतात. नागपुरात दर हिवाळ्यात आपण ज्या तिबेटी दुकानांतून स्वेटर घेतो, त्या माणसांचे जगणे येथे आल्यावर कळते.

याच महिन्यांत विदर्भातील तलावांवर पट्टकादंब नावाचे हंस येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी तिबेट, लडाख, मंगोलियातील उंच सरोवरांकाठी वीण घालतो आणि हिमालय ओलांडून येथे येतो. उन्हाळा लागताच तो परत जातो. वसाहतीतील वृद्धांना मात्र परत जाता आलेले नाही. पक्ष्याला सीमा नसते आणि माणसाला असते, ही गोष्ट भूगोलाच्या नकाशावर समजत नाही. त्या विहाराच्या अंगणात समजते.

परतीचा मार्ग : पवनी

पाचव्या दिवशी अर्जुनी मोरगाव आणि लाखांदूरमार्गे पवनी. हा टप्पा लांब असल्याने लवकर निघावे. पवनी हे वैनगंगाकाठचे प्राचीन नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांच्या वतीने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी येथे उत्खनन केले. त्यात प्राचीन स्तूपांचे अवशेष, ब्राह्मी लेख असलेले दगडी कठड्याचे भाग आणि मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. वादळी पावसात तथागतांवर फणा धरणारा हा नाग नागभूमीतील शिल्पकाराने कोरावा, यात आपल्या इतिहासाचा एक धागा आहे. जवळच रुयाड येथे आधुनिक महास्तूप उभा आहे.

पवनीच्या कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षे ती टिकली. नवेगावबांधच्या पाळीवर मात्र माती वाहणाऱ्या एकाही स्त्री-पुरुषाचे नाव नाही. पवनीजवळच गोसीखुर्द धरण आहे, ज्याची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांचीही नावे भिंतीवर नाहीत. ज्यांची नावे कोरली गेली नाहीत त्यांचा इतिहास शोधणे, हे शिकलेल्या पिढीचे कर्तव्य आहे.

सहाव्या दिवशी मिरचीसाठी प्रसिद्ध असलेले भिवापूर ओलांडून उमरेडला मुक्काम करावा आणि सातव्या दिवशी उरलेले सुमारे ४५ किलोमीटर पार करून नागपूरला यावे. शक्य असल्यास प्रवासाची सांगता दीक्षाभूमीवर करावी.

समारोप

सात दिवसांत विद्यार्थी बळकट होतो, हा या प्रवासाचा लहान लाभ. त्याला आपल्या प्रदेशाची ओळख होते, हा त्याहून मोठा. पण सर्वांत मोठा लाभ असा की, ज्या गावातून आपण वसतिगृहात आलो ते गाव, तो तलाव, ते जाळे आणि ती आजी लपविण्याची गोष्ट नाही, हे त्याला उमगते. ते उमगले की अभ्यासाला वेगळीच धार येते.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील तलाव कोणी व केव्हा बांधला, हे गावातील तीन वृद्धांना विचारून लिहा. त्यांच्या उत्तरांतील फरक नोंदवा.
२. तुमच्या सायकलच्या दोन्ही चक्र्यांचे दाते मोजा आणि पायडलच्या एका फेरीत ती किती मीटर जाते, ते काढा. नंतर प्रत्यक्ष मोजून पडताळा.
३. वर्षावासाचा नियम आणि उद्यानांचा पावसाळी बंद यांतील साम्य व भेद सांगा.
४. वाघाचे रक्षण आणि गाव सोडावे लागलेल्या माणसांचा हक्क या दोहोंना न्याय कसा देता येईल? आपले मत कारणांसह मांडा.